देणगीचा डबा पोळ्याले नको, कापूस विकल्यावर फिरवा

गावात दोनशे-पाचशेच्या देणगीच्या पावत्या फाडून मोठ्या हॉस्पिटलचं काय होणार असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. अमेरिकेत मेम्फिसचं सेंट ज्यूड हे पोरांच्या कॅन्सरचं हॉस्पिटल १९६२ ला सुरू झालं, पण त्यासाठी पैसा गोळा करणारी संस्था १९५७ चीच, म्हणजे आधी झोळी मग इमारत. आजही बराचसा खर्च देणग्यांवरच चालते अन् पोराच्या घरच्यांना उपचाराचं बिल जात नाही.

पण डबा कधी फिरवायचा, त्या वेळेचं कोणी बोलतच नाही. बरेच मंडळं पोळ्याले डबा फिरवतात, गर्दी असते म्हणून, पण तेव्हा लोकांचा सगळा पैसा खत-फवारणीत गेलेला असते, खिशात काय राहणार! दिवाळीनंतर कापूस विकून माणूस वजनकाट्यावरून येते ना, तेव्हा गाठा. रोख नसेल तर तूर घ्या, पायलीभर कोणीही देते. आम्ही नागपूरला कॅन्सरचा इलाज घेणाऱ्या पोरांसाठी असंच करतो, पोती भरली की मार्केट यार्डात एकदम विकतो आणि काटापट्टी (वजन-पैशाची पावती) ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवतो, पैसे गेले कुठं विचारणारे गपगार. तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाचं, मात्र वेगळं, पोरं आपल्या बोजाऱ्यातले (त्या दिवशी घरोघरी मिळालेल्या पैशातले) दहा-वीस स्वतःच टाकतात, त्यांना मागू नका.