पत्र्याच्या घरांसाठी ३० हजार रुपये: टोप्या वाटायच्या की छपरं रंगवायची? (पारडी, नागपूर)

वस्तीगट_पारडी
नमस्कार. वस्तीत चाळीसेक घरं आहेत. बहुतेक दहा बाय बाराची एकच खोली, वर पत्रा, एक दार, आणि खिडकी असलीच तर दाराच्याच भिंतीत. दरवर्षी पत्रकं येतात: दुपारी १२ ते ४ घरात थांबा, भरपूर पाणी प्या. पण मे महिन्यात दुपारी ३ ला बाहेर कडुनिंबाखाली बसवतं, खोलीत बसवत नाही. म्हाताऱ्यांना चक्कर येते, लहान लेकरांच्या अंगावर घामोळं उठतं, बायकांना लघवीची जळजळ. यंदा वर्गणीचे ३० हजार जमले आहेत. काहींना ओआरएसची पाकिटं आणि टोप्या वाटायच्या आहेत, काहींना छपरं रंगवायची आहेत. पैसा कुठे घातला तर आजारपण खरंच कमी होईल?

छप्पर_दुरुस्ती
छपरात घाला, टोप्यांत नको. "घरात थांबा" हा सल्ला स्लॅबचं घर आणि पंखा-कूलर असलेल्यांसाठी लिहिलेला आहे. गंजका पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो आणि खाली बसलेल्या माणसावर थेट झळ टाकतो. हवेचं तापमान बाहेरइतकंच असलं तरी डोक्यावरून शेकणं वेगळं.

आता हिशोब. दहा बाय बाराचं छप्पर १२० चौरस फूट दिसतं, पण पन्हाळीमुळे रंगवायचं क्षेत्र १४० च्या आसपास जातं. ऊन परतवणारा पांढरा छपराचा रंग दोन हातांना लिटरला वीस-पंचवीस चौरस फूट पुरतो, म्हणजे एका घराला सहा-सात लिटर. ३० हजारांत चाळीस घरं होणार नाहीत. दहा-बारा घरं रंगाने करा, बाकीची चुन्याने.

रंगाआधी तारेच्या ब्रशने गंज काढा, धुऊन वाळवा, रेड ऑक्साईड (गंज रोखणारं लाल अस्तर) मारा आणि मग रंगाचे दोन हात. हे सकाळी ९ च्या आत उरका. तापल्या पत्र्यावर रंग लगेच सुकतो, धरत नाही, आणि पहिल्या पावसात पापुद्रे निघतात.

चुना मारणार असाल तर पिशवीतली विरवलेली पूड घ्या. कळीचा चुना विरवताना उडतो, डोळे जातात. पूड रात्रभर भिजवा, गाळा, त्यात फेविकॉल घाला. पहिला हात पातळ, वाळल्यावर दुसरा आडवा. पावसात धुऊन जाईल, पण मार्च-अखेरीस मारलात तर उन्हाळा निभावतो. नव्या जस्ती पत्र्यावर मात्र दरवर्षी चुना नको, तो जस्त खातो.

पत्र्यावर थेट पाय देऊ नका, आडव्या पाइपांवर फळी टाकून चढा.

परिणाम खरंच होतो का, हे मोजून बघा. रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या खोलीत मधोमध, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, भिंतीला न टेकवता थर्मामीटर टांगा. दुपारी ३ आणि रात्री ९ ला आकडा लिहा. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांची छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं.

ठिय्या_संपर्क
छप्पर बरोबरच आहे, पण ताई-दादांनो, आजारपण फक्त खोलीत होत नाही. लघवीच्या जळजळीचा उल्लेख प्रश्नातच आहे, तो नीट बघा. बांधकामावर बायकांसाठी संडास नसतो, म्हणून त्या सकाळी ८ पासून पाणी पीत नाहीत. त्यांना "पाणी प्या" सांगून उपयोग नाही. आधी साइटवर आडोसा आणि संडास हवा. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यापासून पाणी आणि संडास ही मालकाचीच जबाबदारी आहे. गटाने ठेकेदाराला लेखी मागणी द्यावी, एकट्या बाईने मागितलं तर दुसऱ्या दिवशी तिला ठिय्यावरून (मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावरून) कुणी उचलत नाही.

दुसरं, मजुरीची पद्धत. रोजीवर असलेला माणूस सावलीत दहा मिनिटं बसू शकतो. नगावर काम करणारा (कळमन्याच्या बाजारात पोत्यामागे पैसे घेणारा हमाल, भट्टीवर हजार विटांमागे पैसे घेणारी जोडी) बसला की त्याची कमाई बुडते. म्हणून वेळ बदलून घेणं हाच खरा उपाय: पहाटे साडेपाच ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर. पाणी एकदम तांब्याभर नको, दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला.

कूलरचंही तेच. लहान कूलरसुद्धा दिवसाला ३०-४० लिटर पाणी ओढतो, म्हणजे दोन-तीन गुंड (हंडे). जिथे टँकरची रांग लावावी लागते तिथे ते पाणी कोण देणार? शिवाय एकाच दाराच्या खोलीत कूलर आत ठेवला की तीच ओली हवा फिरते. तासाभराने अंग चिकचिकतं आणि घाम सुकत नाही. कूलर दारात, तोंड आत, आणि समोरच्या भिंतीत वर हवा जायला तेवढीच जागा हवी.

वॉर्ड_नर्स
रंगाची दहा-बारा घरं कुणाची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवू नका. एकटे राहणारे म्हातारे, अंथरुणाला खिळलेले, नवी बाळंतीण, मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे (काही गोळ्यांनी घाम कमी येतो), आणि सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) पेशंट यांची घरं आधी. विदर्भात सिकलसेल बराच आहे, आणि अंगातलं पाणी कमी झालं की त्याचा दुखण्याचा झटका येतो.

शिकागोत जुलै १९९५ च्या उष्णतेत सातशेहून जास्त माणसं गेली. त्यात एकटे, गरीब वस्तीत राहणारे, चोरीच्या भीतीने खिडक्या बंद ठेवणारे म्हातारे पुष्कळ होते. आपल्याकडे पुरुष अंगणात खाट टाकतात आणि पोरीबाळी दार लावून आत झोपतात, तेही याच भीतीने. गल्लीत एक दिवा आणि बायकांसाठी झोपायची एक राखीव मोकळी जागा, हाही आरोग्याचाच खर्च समजा.

ओआरएसची थोडी पाकिटं घ्या, पण अख्खं पाकीट एक लिटरमध्ये, हे प्रत्येक घरी दाखवा. पेल्यात अर्धं पाकीट टाकलं तर मीठ जास्त होतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

माणूस बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला की उष्माघात धरा. घाम येत असला तरी. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो, त्यावर विसंबू नका. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: सावली, कपडे काढणं, अंगभर पाणी, जोरात वारा, मान-काख-जांघेत फडक्यात बांधलेला बर्फ. पहिला अर्धा तास महत्त्वाचा. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका.

वस्तीगट_पारडी
खूप आभार. दोन अडचणी: सातेक घरांवर सिमेंटचे पत्रे आहेत, आणि नऊ घरं भाड्याची. घरमालक म्हणतात, "रंग कशाला, भाडेकरू तिथेच राहतील मग."

छप्पर_दुरुस्ती
सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. त्यांना तारेचा ब्रश लावू नका, त्यातून निघणारी बारीक धूळ फुप्फुसात जाते. शेवाळ असेल तर पाणी मारून मऊ झाडूने काढा आणि त्यावर चुना द्या. हे पत्रे ठिसूळ असतात, फळीशिवाय वर जाऊच नका.

भाड्याच्या घरांत आतून काम करा, त्याला मालकाची परवानगी लागत नाही. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बांधा, वरची हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना फट ठेवा. चुलीच्या वर मात्र नको, पेट घेतील. भाडेकरूने घर सोडलं तर तट्ट्या सोडवून नेता येतात.

वॉर्ड_नर्स
एक राहिलं. कुणाला मेयो किंवा मेडिकलला (नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत) नेलं तर सापडला तेव्हाची वेळ, जागा, मोजलं असेल तर अंगाचं तापमान, हे कागदावर लिहून सोबत द्या आणि केसपेपरवर नोंदवून घ्या. नोंद नसली की कारण "हार्ट अटॅक" लागतं, आणि पुढच्या वर्षी तुमच्या वस्तीत उष्णतेने कुणी आजारीच पडलं नाही असं कागदावर दिसतं.