शेरूसाठी लिफ्ट

बी-४०२, सकाळी ७:१२
नमस्कार. आमचा शेरू तीन दिवसांपासून जिना चढूनच नाही राहिला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसतो अन् माझ्याकडे पाहत राहतो. साडेदहा वर्षांचा लॅब्राडॉर आहे, वजन ३८ किलो. कोणाला अनुभव आहे का?

ए-१०१ काका, ७:२०
थंडी पडली ना ताई, वय पण झालं त्याचं. माझ्याकडे गुडघेदुखीची गोळी आहे, अर्धी पाठवू?

सी-३०३, ७:२१
काका, नका जी! आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते. ताई, काही दिलं तर नाही ना? दिलं असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा.

बी-४०२, ७:२४
नाही दिलं.

सी-३०३, ७:३५
बरं झालं. आमच्या जर्मन शेफर्डच्या वेळी "वय झालं" म्हणत मी आठ महिने घालवले. सोफ्यावर चढणं सोडलं. सकाळी उठताना अंग आखडलेलं, दहा पावलं चालला की जरा मोकळा व्हायचा. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलायचा. कण्हत नव्हता, म्हणून मला वाटलं दुखत नसेल. कुत्री दुखणं लपवतात हो. एक्स-रे काढला तेव्हा कळलं, खुब्याची वाटीच उथळ होती, हाड घासून घासून संधिवात झाला होता. शेफर्ड, लॅब्राडॉरमध्ये हा दोष पिढीजात येतो. ते आठ महिने आठवले की अजून जीव तुटतो.

ए-१०१ काका, ७:३८
मला माहीत नव्हतं हे. आता न्यायचं कुठे?

सी-३०३, ७:४४
सेमिनरी हिल्सला, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात. एक्स-रेसोबत रक्तही तपासून घ्या. गोचिडांच्या तापातही सांधे सुजतात, कुत्रं लंगडतं, अन् त्याचा इलाज वेगळा असतो. दुखण्याची गोळी बरेच दिवस द्यायची असेल तरी किडनी-लिव्हर आधी पाहावंच लागतं.

डी-२०४, ७:५०
वजनाचं पण पाहा ताई. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरचा जन्मभर अभ्यास झाला, २००२ मध्ये छापून आला. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या होत्या; ज्यांना जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, ते सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले अन् संधिवातही उशिरा झाला. शेरूला गेटवर सगळेच बिस्किटं देतात, मी पण देतो. आजपासून बंद.

बी-४०२, ७:५३
घरात टाइल्सवर पण घसरतो तो.

सी-३०३, ७:५५
जुन्या सतरंज्या टाका, खाली रबरी जाळी लावून. नखं कापा, पंजामधले केसही. फिरायला एकदम लांब नको, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. अन् जिना पूर्ण बंद.

बी-४०२, ७:५७
लिफ्टमध्ये प्राण्यांना मनाई लिहिलं आहे. म्हणून तर इतके दिवस जिन्याने नेत होते.

डी-२०४, ८:०१
प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही. सचिवसाहेब, हा बोर्ड काढा. चार मजले, दिवसातून दोनदा, त्या पायांनी!

सचिव, ८:१५
बोर्ड जुन्या कमिटीचा आहे. वॉचमनला काढायला सांगितलं. ताई, शेरूला लिफ्टनेच आणा.

सी-३०३, ८:१७
पोटाखालून मोठा टॉवेल घाला अन् दोन्ही टोकं वर धरा, मागच्या पायांवर भार येणार नाही. गाडीत उडी मारू देऊ नका.

ए-१०१ काका, ८:१८
मी खाली पार्किंगमध्ये उभा आहे. पुढून मी धरतो.