घर तपासणीच्या कामासाठी एकटीला नेता-आणता येईल अशी शिडी कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी सिव्हिल इंजिनिअर, राहायला डोंबिवलीत. साइटवरची नोकरी सोडून आता घरं तपासून द्यायचं स्वतःचं काम करते. ताबा घेण्याआधी नवा फ्लॅट बघणं, रिसेलचं घर घेणाऱ्याला ओल, गळती, वायरिंग याचा अहवाल देणं, असं स्वरूप आहे. ताबा मिळून पाच वर्षं पूर्ण होत आलेल्या सोसायट्यांमधूनही बोलावणं येतं, कारण रेरा या घरबांधणी प्रकल्पांवरच्या कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांच्या आत दाखवलेला बांधकामातला दोष बिल्डरला ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यावा लागतो. त्यामुळे पाचव्या वर्षाचा पावसाळा फार महत्त्वाचा. त्यानंतर या कलमाचा आधार उरत नाही.

मदतनीस नाही. जवळपास स्कूटरने जाते. ठाणे, मुलुंड, बदलापूर असेल तर लोकल आणि पुढे रिक्षा. ओलावा मोजायचं यंत्र, ठोकून बघायची दांडी, लेझर, सॉकेट टेस्टर यांची एक पाठपिशवी असतेच. म्हणजे शिडी मिटवल्यावर तीन फुटांच्या आसपास हवी आणि जिना चढताना एका हातात धरता यायला हवी.

"तिकडे मिळेल की एखादी" यावर आता विसंबून राहायचं नाही, असं ठरवलंय. साइटवर मिळते ती सुतळीने बांधलेली बांबूची नाहीतर रंगाऱ्यांची, एक पाय आखूड झालेली. सोसायटीच्या शिडीला खाली रबर नसतं. शिडी नाही म्हणून एखादी जागा न बघता अहवालावर सही करणं मला पटत नाही. लोक आयुष्यभराची पुंजी लावून घर घेतात.

आता शिडी नेमकी कुठे लागते ते सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल.

सगळ्यात जास्त लागते ती टॉयलेटच्या फॉल्स सीलिंगसाठी. तिथे दीड-दोन फुटांचं झाकण असतं. ते सरकवून बॅटरी लावून डोकं आत घातलं, की वरच्या मजल्याचा नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीतलं पाणी जिथून पाइपमध्ये जातं ते भांडं, समोर येतो. सांध्याभोवती पांढरे क्षार साचलेत का, पाइप स्लॅबमधून खाली येतो तिथलं काँक्रीट काळपट पडलंय का, थेंब कुठून सुटून कुठे जातोय, हे तिथूनच कळतं. खाली उभं राहून पांढरंशुभ्र सीलिंग पाहिलं तर सगळं छानच दिसतं. पण ही जागा जेमतेम चार बाय सात फूट, मध्ये कमोड, आणि टाइल्स गुळगुळीत.

दुसरं, बेडरूमच्या छताचे कोपरे आणि बीमखालचं प्लास्टर, पोकळ आवाज येतो का बघायला. इथे शिडी भिंतीला टेकवली की बिल्डरचा माणूस लगेच "मॅडम, रंगाला डाग पडेल" म्हणतो, आणि त्याचं म्हणणं चूक नाही. तिसरं म्हणजे लॉफ्ट. शेवटी गच्चीवर जिन्याच्या खोलीचं छप्पर आणि पाण्याची टाकी. तिथे चढायची वेळ कमी येते, पण वरच्या मजल्याच्या गळतीचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. एक, ३.८ मीटरची सरळ टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची. मिटवली की तीन फुटांच्या आत बसते. दोन, बिजागऱ्यांची चार घड्यांची, प्रत्येक घडीत तीन पायऱ्या. तीन, मधोमध बिजागरी असलेली टेलिस्कोपिक, जी ए आकारात उभी राहते आणि उघडली की सरळ होते. माझी उंची ५ फूट २ इंच, वजन सामानासकट सत्तर किलोच्या आत. टेलिस्कोपिक रोज वापरणारं कुणी आहे का? तिचे खटके किती टिकतात? अ‍ॅल्युमिनियम घ्यावी की फायबरची? आणि ऑनलाइन विक्रीत जे ईएन १३१ (शिड्यांचं युरोपीय मानक) लिहिलेलं असतं, त्यावर किती विश्वास ठेवावा?

ओळंबा:
ताई, आधी हिशेब करू. नव्या फ्लॅटमध्ये फरशीपासून छत साधारण ९ फूट. तुमचा वर केलेला हात साडेसहा फुटांपर्यंत पोचतो. म्हणजे पाय तीन फुटांवर असले तरी छताला हात लागेल. फॉल्स सीलिंगमध्ये डोकं घालायलाही तीन फूट पुरतात. घरातल्या बहुतेक कामाला उंच शिडी लागतच नाही. लागते ती कशाला न टेकता स्वतःच्या पायावर उभी राहणारी. त्यामुळे तिसरा पर्याय. दोन्ही बाजू २ मीटरच्या घेतल्यात, तर वरून तिसऱ्या पायरीवर उभं राहूनही चार फूट मिळतात. त्याच्या वर उभं राहायचं नाही.

गच्चीचा हिशेब वेगळा. खोक्यावर ३.८ मीटर लिहिलं म्हणजे साडेबारा फूट उंच चढता येतं असं नाही. चार फूट उंचीमागे एक फूट पाया बाहेर, या तिरकेपणात बारा फूट उरतात. वरच्या कडेवर उतरायचं तर शिडी कडेच्या तीन फूट वर यायला हवी, नाहीतर पाय टाकताना धरायला काही नसतं. राहिले नऊ फूट. जिन्याची खोली तेवढ्यात बसते, त्यावर ठेवलेली टाकी बसत नाही. तिथे सोसायटीची भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी शिडी असेल तरच चढा, तीही गंजलेली नाही ना हे बघून.

कोबा_वॉटरप्रूफिंग:
माझ्याकडे टेलिस्कोपिक आहे, रोज वापरात. खटक्यांचा शत्रू म्हणजे सिमेंटची धूळ. नळ्या एकात एक सरकतात, मध्ये बारीक कण गेले की पायरी अर्धवट अडकते आणि खटका लागल्यासारखा वाटतो, पण लागलेला नसतो. काम झालं की मिटवण्याआधी प्रत्येक नळी कोरड्या फडक्याने पुसायची. तेल-ग्रीस लावू नका, धूळ आणखी चिकटते. चढण्याआधी दोन्ही बाजूंचे खटके खालून वर एकेक करून बघायचे. ठक् असा आवाज दोन्हीकडून यायला हवा. नळीला पोचा आला तर शिडी बाद, ठोकून सरळ करणं नाही.

मिटवताना पायऱ्या धाडकन खाली येतात आणि बोटं सापडतात. हळू खाली येणारी मिळते, थोडी महाग असते. पैसे तिथेच घाला.

एक सांगतो, मधे बिजागरीवाली १२ ते १४ किलो भरते. एकटीने लोकलमधून न्यायची तर दुकानात उचलून जिना चढून बघाच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात हाताळून बघता येतात.

मेगर:
इलेक्ट्रिशियन आहे म्हणून सांगतो. अ‍ॅल्युमिनियमवर उभं राहून उघड्या पॉइंटला, डीबीला (घरातल्या एमसीबींच्या पेटीला) हात लावायचा नाही. आधी मेन बंद, मग टेस्टर, मग शिडी. बैठ्या घरांत खांबावरून येणारी सर्व्हिस वायर छपराच्या कडेला लोंबत असते, तिचं इन्सुलेशन उन्हाने तडकलेलं असतं. तिथे अ‍ॅल्युमिनियमची शिडी उघडूच नका. फायबरची यासाठी उत्तम, पण जड, आणि लोकलमध्ये नेण्याइतकी आटोपशीर मिळणं अवघड. तुमचं काम बघायचं आहे, दुरुस्तीचं नाही, तेव्हा मेन बंद करायची शिस्त असेल तर अ‍ॅल्युमिनियम चालेल.

ईएन १३१ बद्दल: टेलिस्कोपिकसाठी त्याचा भाग ६ आहे. शिडीवरच चिकटवलेल्या पट्टीवर तो आकडा, १५० किलोची मर्यादा आणि 'प्रोफेशनल' हा वर्ग आहे का ते बघा. 'नॉन-प्रोफेशनल'लाही १५० किलोच लिहितात, पण तो वर्ग घरगुती वापराचा. शिवाय २०१८ पासून टेकवून वापरायच्या ३ मीटर आणि त्याहून लांब शिडीला खाली रुंद आडवा पाया लागतो. फोटोत तो दिसत नसेल आणि तरी नवं मानक लिहिलं असेल, तर पुढे जाऊ नका.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. नऊ फुटांचा हिशेब एकाही विक्रेत्याने सांगितला नव्हता. तिसरा पर्याय नक्की करतेय, हळू मिटणारी, भाग ६ ची पट्टी बघूनच. या आठवड्यात नागदेवीला जाऊन उचलून बघते. चौदा किलो झेपली नाही, तर दोन्ही बाजू दीड मीटरच्या घेईन आणि गच्चीसाठी सोसायटीला आधीच लेखी कळवेन की पक्की शिडी नसेल तर टाकीची तपासणी अहवालात 'केली नाही' अशी येईल.

एक राहिलंच. टॉयलेटमध्ये कमोडमुळे ए आकार पुरता उघडत नाही, तिथे लवचिक वायरचा कॅमेरा झाकणातून आत सोडून कुणी काम केलंय का? क्षार आणि साधा चुना यातला फरक त्याच्या चित्रात ओळखू येतो का?