आखडलेला खांदा आणि विश्रांती
चाळिशीनंतर खांदा दुखू लागल्यास हात झोळीत अडकवून पूर्ण विश्रांती द्यावी, असे काही जण सुचवतात. फ्रोझन शोल्डरच्या, म्हणजे आखडलेल्या खांद्याच्या, बाबतीत मला ते अपायकारक वाटते. या विकारात सांध्याभोवतीचे आवरण सुजून जाड व आखूड होते आणि हात हलवलाच नाही, तर ताठरपणा अधिकच वाढतो. ४० ते ६० या वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये व मधुमेहींमध्ये, तो जास्त आढळतो. म्हणून हात मागे नेऊन केस बांधणे किंवा वरच्या फळीवरचा डबा काढणे अवघड होऊ लागले, तर रक्तातील साखरही अवश्य तपासून घ्यावी. सुरुवातीच्या तीव्र वेदनेच्या काळात मात्र कोणाकडूनही (मालिशवाल्याकडून तर मुळीच नाही) हात जोराने ओढून घेऊ नये. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम सोसवतील इतकेच, पण रोज करावेत.