फाशीचं कलम वाढवाल, पण तक्रार कोण घेणार?

रानजाई
महिलांवरील अत्याचारांसाठीचं 'शक्ती' विधेयक महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं. बलात्काराच्या काही गुन्ह्यांत फाशी, तपासाला ३० दिवसांची मुदत. एखादी भयंकर घटना घडली की 'शक्ती लागू करा' ही मागणी पुन्हा उठते. त्यातल्या फाशीला माझा विरोध आहे. बारा वर्षांखालच्या मुलीवरील बलात्काराला फाशीची तरतूद देशात २०१८ पासूनच आहे. तरीही २०२४ मध्ये बदलापुरात शाळेत अत्याचार झालेल्या चिमुकल्या मुलींच्या आईवडलांना गुन्हा नोंदवायला तासन्‌तास ताटकळावं लागलं. लोकांनी रेल्वे अडवली तेव्हा कुठे एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमली गेली.

नगरकर
ताई, धाकच नसेल तर नोंदवलेल्या गुन्ह्याचं तरी काय होणार? कोपर्डीत मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला ती घटना जुलै २०१६ ची, नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. मनावर घेतलं की निकाल लागतो. ती घाई प्रत्येक मुलीच्या वाट्याला यावी म्हणून तर मुदत कायद्यात हवी. आणि असल्या नराधमांना जन्मभर पोसायचं कशाला?

रानजाई
मुदत हवीच, त्यावर दुमत नाही. पण कोपर्डीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत लाखांचे मोर्चे निघाले. ज्या पोरीमागे मोर्चा नाही तिचं काय? बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो: काका, शेजारी, शिकवणीचा मास्तर. 'काका फासावर जाईल' म्हटल्यावर आजी आधी नातीचंच तोंड दाबेल.

नगरकर
म्हणजे नातेवाईक आहे म्हणून सूट? हे काही पटलं नाही.

रानजाई
सूट नाही, जन्मठेप द्या. ती नक्की होणार, हे त्याला कळू दे.

वकिलीण, चंद्रपूर
कायद्याने काही होत नाही असं मात्र कुणी म्हणू नका. आमच्याच भागात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती होती, असं धरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांना सोडलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती सांगितलं, की न्यायालय तिचं म्हणणं धरून चालतं.

पण ठाण्यातला अनुभव रानजाई म्हणतात तसाच. नवऱ्याने डोकं फोडलेली बाई येते, ठाणे अंमलदार 'घरातलं भांडण आहे' म्हणत एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून पाठवतो. ती बिचारी तो कागद पदराला बांधून जाते, आणि तपास कुणीच करत नाही. बलात्काराची तक्रार घेतली नाही तर त्या अधिकाऱ्याला किमान सहा महिने सक्तमजुरी आहे, भारतीय न्याय संहिता कलम १९९. हे कलम लावलेलं किती जणांनी पाहिलंय?

नगरकर
हे कलम माहीत नव्हतं. फाशीवर मी ठाम आहे, पण हे आधी लावा. हद्द आमची नाही म्हणाले तर?

वकिलीण, चंद्रपूर
झिरो एफआयआर. कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. नाहीच घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही दाद नाही लागली तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. बलात्कारासारख्या गुन्ह्यात बाईचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो, तो आग्रह धरून बसा.