मदत हवी आहे: एका फाईलीत ३० लेबलं, एक पान हलवलं की शेजारचं लेबल फुटतं

गिरडवाली:

नमस्कार मंडळी,

आमच्या ग्रामसंघातल्या बचत गटांच्या मालाची लेबलं मी करते. गाव समुद्रपूर तालुक्यात, वर्धा जिल्हा. हळद, तिखट, धने पावडर, काळा मसाला आणि जवसाची चटणी असे पाच प्रकार आहेत. प्रत्येकाचं १००, २५० आणि ५०० ग्रॅमचं पाकीट, आणि प्रत्येक पाकिटाला पुढचं-मागचं अशी दोन लेबलं. म्हणजे एकूण ३०. सगळी इंकस्केप १.३ (चित्रं-लेबलं आखायचं फुकट सॉफ्टवेअर) मध्ये एकाच फाईलीत आहेत, प्रत्येक लेबल वेगळ्या पानावर. इलस्ट्रेटरवाले ज्याला आर्टबोर्ड म्हणतात तेच हे. इलस्ट्रेटरचे दरमहा पैसे भरणं गटाला झेपणारं नाही. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं आणि लाईन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून ब्राउझरमध्ये चालणारं ॲपही कृपया सुचवू नका.

अडचण अशी. पेज टूलनं हळद २५० ग्रॅमचं पुढचं पान थोडं उजवीकडे ओढलं, की शेजारच्या मागच्या लेबलाची पिवळी पार्श्वभूमीही सोबत सरकते आणि तिचा मजकूर मात्र जागीच राहतो. मग पांढऱ्या पानावर घटक पदार्थांची यादी आणि एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर नुसता लटकलेला दिसतो. अनडू केलं की परत येतं, पण पानं नीट ओळीत लावायची तर आहेतच.

दुसरं, परवाना नंबर, पत्ता, ग्राहक सेवेचा फोन हे सगळ्या मागच्या लेबलांवर सारखंच आहे. गटाचा फोन नंबर बदलला तर १५ ठिकाणी जाऊन बदलावा लागतो. एखादं सुटलं तर छापून आल्यावरच कळतं, आणि तोवर स्टिकरचे पैसे गेलेले असतात.

तिसरं, पीडीएफमध्ये पानांचा क्रम मी मांडलाय तसा येत नाही. पडद्यावर हळदीच्या शेजारी हळद आहे, पण पीडीएफमध्ये हळदीच्या पुढच्या लेबलानंतर काळ्या मसाल्याचं मागचं लेबल. प्रेसवाले दादा फोन करून विचारतात, "ताई, सात नंबरचं पान कोणाचं हाय?" आणि ती पीडीएफ त्यांनी कोरलमध्ये (प्रेसवाल्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडली की मराठी मोडतं. 'प्रक्रिया'तला 'प्र' सुटा होतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते.

दिवाळीच्या आधी वर्ध्याला गटांचं प्रदर्शन आहे, त्याआधी माल पॅक व्हायचा आहे. ३० पानं एका फाईलीत ठेवणंच चूक आहे का? की प्रत्येक लेबलाची वेगळी फाईल करू? कोणी असं काम नेहमी करत असेल तर रीत सांगा. बायकांनी उन्हात वाळवून, कांडून केलेला माल आहे. लेबलामुळे तो मागं पडू नये एवढंच वाटतं.

वणीकर:

ताई, तुमच्या पहिल्या अडचणीत बाकीच्यांचं मूळ आहे, म्हणून ती आधी.

इंकस्केपमध्ये पान म्हणजे पिशवी नव्हे, चौकट आहे. तुम्ही काढलेली वस्तू पानाच्या आत 'ठेवलेली' नसते. ती मोठ्या कॅनव्हासवर असते आणि चौकट फक्त तिच्यावरून फिरते. पेज टूलच्या पट्टीत पानासोबत वस्तू हलवायचं बटण आहे. ते चालू असलं की चौकटीला जे जे शिवतं ते सगळं सोबत जातं. तुमची पार्श्वभूमी ब्लीडसाठी (कापताना कडेला पांढरं दिसू नये म्हणून) ३ मिमी बाहेर काढलेली असणार, आणि पानं एकमेकांना खेटून असणार. मग मागच्या लेबलाचा पिवळा चौकोन पुढच्या पानात ३ मिमी घुसलेला आहे. तो शिवतो म्हणून जातो. मजकूर शिवत नाही म्हणून राहतो. पुढचं-मागचं मिळून एकच ग्रुप केला असेल तरी असंच होतं, कारण तो ग्रुप दोन्ही चौकटींना शिवतो.

म्हणून पानांमध्ये निदान २० मिमी मोकळी जागा सोडा. आता जे घुसलेलं आहे ते सोडवायला ते वस्तूंसोबत हलवायचं बटण बंद करा, चौकटी लांब लांब न्या, मग प्रत्येक लेबलाचं सामान निवडून त्याच्या चौकटीत आणून बसवा. एकदाचं किचकट काम आहे, पण नंतर ते बटण निर्धास्त चालू ठेवता येतं.

सामान निवडणं सोपं जावं म्हणून प्रत्येक लेबलाला स्वतःचा लेयर (वेगळा थर) द्या, आणि लेयरचं नाव आणि पानाचं नाव एकच ठेवा: 'हळद-२५०-पुढे', 'हळद-२५०-मागे'. लेयर आणि पान यांचा आपसात काही संबंध नसतो, तो आपण नावानं जोडायचा. लेयरवर क्लिक करून कंट्रोल ए दाबलं की मूळ सेटिंगमध्ये त्याच लेयरमधलं तेवढं निवडलं जातं. ३० लेबलांच्या गर्दीत याच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही.

क्रमाचं म्हणाल तर पीडीएफमध्ये पानं त्यांच्या नंबरानं जातात. पडद्यावर कोण कोणाच्या शेजारी आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नवीन पान जोडलं की ते शेवटी लागतं. पेज टूलमध्येच पान निवडून क्रमानं मागे-पुढे करायची बटणं आहेत, ती वापरा.

आणि फोन नंबरासाठी क्लोन. पत्ता, परवाना नंबर, फोन हे एका ग्रुपमध्ये घ्या, सगळ्या पानांच्या बाहेर एका कोपऱ्यात ठेवा आणि लेयरला 'मूळ' नाव द्या. मग ऑल्ट डी दाबून त्याचे क्लोन काढा आणि एकेक मागच्या लेबलावर नेऊन ठेवा. त्या मूळ ग्रुपमध्ये नंबर बदलला की सगळीकडे बदलतो. फक्त मूळ पुसू नका. ते गेलं की क्लोनचं नातं तुटतं आणि ते सुटे होतात. कंट्रोल डी म्हणजे साधी नक्कल, तिच्यात हे होत नाही.

मुळामुठेकर:

मी इलस्ट्रेटरवर काम करतो, तरी लिहितो, कारण पुढे कधी ही फाईल तिकडे न्यावी लागली तर उपयोग होईल. आर्टबोर्ड तिथे २००८ च्या सीएस ४ पासून आहेत. आधी मर्यादा १०० होती, सीसी २०१८ पासून १००० झाली. इंकस्केपमध्ये अनेक पानं २०२२ च्या १.२ आवृत्तीपासून आली. वणीकरांनी सांगितलेलं तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच: आर्टबोर्डच्या पोटात काही नसतं. इलस्ट्रेटरमध्ये तर लॉक केलेल्या किंवा लपवलेल्या वस्तू आर्टबोर्डबरोबर हलाव्यात की नाही याची प्रेफरन्समध्ये वेगळी खूण आहे. ती नसेल तर लॉक केलेली पार्श्वभूमी मागेच राहते. क्लोनचं काम तिथे सिम्बॉल करतो. आणि मराठी लिहिताना टाइपच्या प्रेफरन्समध्ये इंडिक पर्याय चालू करून परिच्छेदाचा कंपोझर (अक्षरं-ओळी जुळवणारी सोय) दक्षिण आशियाई लिप्यांचा निवडावा लागतो, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात. त्या बाबतीत इंकस्केप बरं, तिथे युनिकोड फॉन्ट घेतला की जोडाक्षरं आपोआप जुळतात.

एक विचारू का? लेबलावर 'वायगाव हळद' असं लिहिताय का? त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते ठरावीक भागातल्या मालासाठी राखलेलं नाव आहे. नुसतं 'हळद' लिहायला हरकत नाही, पण ते नाव छापायचं तर गटाची किंवा शेतकऱ्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असावी लागते. छापण्याआधी बघून घ्या.

चांदा_डिजिटल:

मी छापणाऱ्यांच्या बाजूचा. कोरलमध्ये मराठी मोडतं त्याचा इलाज तुमच्याच हातात आहे ताई. पीडीएफ काढताना इंकस्केप विचारतं की मजकूर फॉन्टसकट ठेवायचा की पाथ करायचा. पाथ निवडा. मग प्रेसच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला तरी फरक पडत नाही, कारण अक्षर हे अक्षर राहतच नाही, आकार होतो. मूळ एसव्हीजीला (इंकस्केपच्या फाईलीला) हात लावायची गरज नाही, तिथे मजकूर बदलता येतो तसाच राहतो. फाईलीतच पाथ करून सेव्ह करणारे लोक माझ्याकडे नेहमी येतात, आणि पुढच्या वेळी एक अक्षर बदलायचं तर नवीन टाईप करत बसतात.

दुसरं, एमआरपी, प्रति ग्रॅम दर, बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख लेबलावर छापूच नका. त्यासाठी पांढरा कोरा चौकोन सोडा आणि गटाला शिक्का घेऊन द्या. मिरचीचा भाव दर मोसमात हलतो. छापलेला दर बदलायचा म्हणजे पूर्ण शीट रद्दी. चौकोन कोराच ठेवा, त्यावर चकचकीत लॅमिनेशन नको, नाहीतर शाई पुसली जाते.

आणि प्रेसला पाठवताना सोबत एक कागद: पान १ हळद २५० पुढे, किती प्रती, पान २ हळद २५० मागे, किती प्रती. आम्ही १२×१८ इंचाच्या शीटवर लेबलं बसवतो. एकाच मापाची लेबलं एका फाईलीत आली तर शीट भरणं सोपं जातं आणि कागद वाया जात नाही.

गिरडवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. पार्श्वभूमी खरंच शेजारच्या पानात घुसलेली होती. चौकटी लांब केल्या आणि आता हळदीचं पान हलवलं तर हळदच हलते. वायगावचं नाव काढून टाकलंय, नोंदणीचं सीआरपी ताईंना (गटांना मार्गदर्शन करणाऱ्या) विचारते. शिक्क्याची कल्पना बैठकीत सांगितली, सगळ्या लगेच हो म्हणाल्या.

आता दोन प्रश्न राहिलेत. क्लोन लहान-मोठा करता येतो का? १०० ग्रॅमचं लेबल ७०×१०० मिमी आहे आणि ५०० चं ११०×१६०, तोच पत्ता दोन्हीकडे बसत नाही. आणि चांदावाल्या दादांच्या म्हणण्याप्रमाणे मापानुसार तीन फाईली कराव्यात का? मग क्लोनचा फायदा जाणार नाही का?

वणीकर:

क्लोन लहान-मोठा करता येतो, नातं तुटत नाही. पण पत्ता तसा दाबून बारीक करू नका. ५०० ग्रॅमवर वाचता येणारं अक्षर १०० ग्रॅमवर मुंगीएवढं होईल, आणि निव्वळ वजन, घटक अशा मजकुराच्या अक्षरांना नियमानं किमान उंची लागते. १०० ग्रॅमसाठी वेगळं 'मूळ' करा, ओळी वेगळ्या तोडून.

आणि असं वेगळं मूळ करायचंच आहे, तर हो, तीन फाईली करा. प्रत्येक मापाची एक, दहा पानांची. फोन बदलला तर तीन ठिकाणी बदलायचा, १५ ठिकाणी नाही. जुन्या लॅपटॉपवर फाईलही हलकी राहील. प्रत्येक लेबलाची स्वतंत्र फाईल मात्र करू नका, तेव्हा परत १५ ठिकाणी फिरणं आलं. गटाच्या बायकांना व्हॉट्सॲपवर दाखवायला एक्सपोर्टच्या खिडकीत बॅच एक्सपोर्टमधून पानं निवडा, प्रत्येक पानाचं वेगळं चित्र निघतं. तिखटाच्या ताईला तिखटाचंच पाठवा, वाचून घेतलं का ते फोनवर विचारा. आणि लाईनचा भरवसा नाही म्हणता, तर प्रेफरन्समध्ये ऑटोसेव्ह चालू आहे ना ते आजच बघा.

चांदा_डिजिटल:

रंगाचं राहिलं. इंकस्केपची पीडीएफ आरजीबी (पडद्याच्या रंगांची) असते, छापताना ती सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) बदलते. हळदीचा पिवळा आणि तिखटाचा लाल पडद्यावर भडक दिसतात तेवढे कागदावर येत नाहीत, आणि पिवळ्यात निळ्याचा थोडा अंश आला तरी तो हिरवट दिसतो. पूर्ण ऑर्डरच्या आधी पाचही पुढच्या लेबलांची एकच शीट काढून मागा आणि दिवसाच्या उजेडात खऱ्या हळदीशेजारी ठेवून बघा. फाईलीत तो पिवळा स्वॉच (जपून ठेवलेला सामाईक रंग) म्हणून ठेवलेला असेल तर एका जागी बदलला की त्या फाईलीतल्या सगळ्या पानांवर बदलतो.

गिरडवाली:

स्वॉच करून ठेवला. चाचणीची शीट सोमवारी हिंगणघाटला टाकते, रंग कसा आला ते इथेच लिहीन.