उन्हाळी सेवाप्रशिक्षण विदर्भातल्या खेड्यात: काय तयारी करावी?

सतरंजी_२६:
नमस्कार मंडळी. बी.टी.एच.चं (ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी) दुसरं वर्ष संपत आलंय. १० एप्रिल ते ५ जून उन्हाळी सेवाप्रशिक्षणासाठी राळेगाव तालुक्यातलं (जि. यवतमाळ) पाळकक्षेत्र (एका पाळकाकडे, म्हणजे पास्टरकडे असलेला भाग) मिळालं आहे. एक मोठी मंडळी (चर्चचा भक्तसमुदाय) आणि आजूबाजूच्या खेड्यांत तीन लहान. मी नगरकडचा, विदर्भ पाहिलेला नाही. सोबत काय न्यावं, संदेशाची (उपासनेतल्या प्रवचनाची) तयारी कशी करावी, मुलांची व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) घ्यायला सांगितली आहे ती कशी बसवावी? शिवाय परत आल्यावर ग्रीकची परीक्षा आहे, ते दोन महिन्यांत विसरू नये म्हणून काय करू?

वणी_नाका:
भाऊ, नगरचं ऊन आणि इकडचं ऊन एक धरू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि शेवटी नवतपा (नऊ दिवसांचं कडक ऊन) असतो. दिवसाचे दोनच तुकडे कामाचे समजा: पहाटे साडेपाच ते दहा, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. दुपारी घरभेटीला गेलात तर तुम्हाला ऊन लागेल आणि कुलरसमोर आडवी झालेली माणसं उठवावी लागतील ते वेगळंच.

सामान: सुती शर्ट (टेरिकॉट अजिबात नको), डोकं-कान बांधायला दोन मोठे सुती दुपट्टे, दोन लिटरची बाटली, सिंगल मच्छरदाणी. लोक अंगणात बाजेवर झोपतात, तुम्हालाही बाजच मिळेल. टॉर्च न्या. एक्स्टेन्शन बोर्ड न्याच, कारण खोलीत बहुतेक एकच पॉइंट असतो आणि त्यात कुलर लागलेला असतो. ओआरएसची दहा पाकिटं ठेवा. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. ग्लासभर पाण्यात घट्ट करून प्यायलात तर मीठ जास्त होऊन त्रास वाढतो. पाकीट संपलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

लहान गावांना जायचं तर मुक्कामी एसटीची वेळ आधी विचारून घ्या. ती रात्री गावात थांबते आणि पहाटे परत निघते. शनिवारी रात्री तिने जायचं, रविवारची उपासना तिथेच करायची. 'सकाळच्या पहिल्या गाडीने पोचतो' या भरवशावर राहू नका. लग्नसराईत गाड्या प्रासंगिक करारावर जातात आणि खेड्याची फेरीच रद्द होते. मंडळी चर्चमध्ये बसलेली आणि तुम्ही फाट्यावर उभे, असं होतं.

दिग्रसची_ताई:
प्रशिक्षणार्थींचे अहवाल तपासण्याचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

उपासनेची वेळ पाळकसाहेबांना विचारा, पण लहान गावात सकाळी सातलाच सुरू करायची तयारी ठेवा. एप्रिल-मेमध्ये पऱ्हाट्या वेचणं, वखरणी चालू असते. नऊनंतर सुरू केलीत तर अर्धे लोक वावरात असतील, उरलेले घामाने बेजार.

संदेश पंधरा मिनिटांचा. हाताने लिहिलेल्या फुलस्केप पानाला साधारण अडीच मिनिटं लागतात, म्हणजे सहा पानं. सातवं पान झालं तर एक मुद्दा काढा, वेगाने वाचू नका. वर्गातल्या नोट्स जशाच्या तशा उचलणं ही सगळ्यात मोठी अडचण. 'संदर्भ', 'संकल्पना', 'ईश्वरविज्ञान' असे शब्द आले की मागच्या ओळीतली आजी पंख्याकडे पाहायला लागते. एक उतारा, एक मुद्दा, गावातलं एक उदाहरण, बस.

वाचन मंडळीच्या मांडीवर असलेल्या पवित्र शास्त्रातूनच करा. सोप्या भाषेतली नवी आवृत्ती मोबाइलवरून वाचलीत तर ऐकणाऱ्याला पुस्तकात ओळ सापडत नाही आणि तो सगळा वेळ शोधत बसतो. अध्याय आणि ओवी (म्हणजे वचन) दोनदा सांगा, पानांची सळसळ थांबली की वाचायला लागा. बऱ्याच म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी मुख्य ओवी शेवटी पुन्हा म्हणा. तीनही लहान मंडळ्यांत एकच संदेश द्यायला हरकत नाही, फक्त उदाहरण गावाप्रमाणे बदला.

२०२६ चं कॅलेंडर बघून घ्या. पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) ५ एप्रिलला होऊन जाईल, म्हणजे तुम्ही पोचता तेव्हा काळ पुनरुत्थानानंतरचा. स्वर्गारोहण १४ मे, पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) २४ मे. पेन्टेकॉस्टचा संदेश मुख्य मंडळीत तुमच्याकडेच येण्याची शक्यता धरून प्रेषितांची कृत्ये २ आत्ताच ग्रंथालयात बसून तयार करा. तिथे टीकाग्रंथ (शास्त्रावरची भाष्यं) मिळणार नाहीत, नेटही धड चालेल असं नाही.

घरभेटीच्या अहवालाबद्दल. संभाषण मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. त्याच रात्री आठवेल तसं लिहा, डावीकडे त्यांचं बोलणं, उजवीकडे तुमचं, खाली 'मी हे का म्हणालो' एवढ्या दोन ओळी. नावं बदला. तीन दिवसांनी लिहिलेला अहवाल लगेच ओळखू येतो, त्यात विद्यार्थी फार शहाणा दिसतो. एकट्या बाईच्या घरी एकटे जाऊ नका, महिला मंडळातली एखादी बाई किंवा मंडळीचे वडील (एल्डर) सोबत घ्या. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना गोळ्या बंद करा असं चुकूनही सुचवू नका. टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो, 'आता बरं वाटतंय' म्हणून मध्येच सोडला की आजार औषधाला दाद देईनासा होतो.

काळी_पाच:
गाण्याचं कुणी बोललं नाही. गिटार नेऊ नका, नेलीत तरी पहिले दोन रविवार पेटीतच ठेवा. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं ढोलकी, टाळ आणि बाजाच्या पेटीवर चालतात आणि मंडळीला चाली तोंडपाठ असतात. स्वतःची पट्टी धरून सुरुवात केलीत तर बायकांचा आवाज तळाला जातो आणि दुसऱ्या कडव्याला तुम्ही एकटेच गात असता. पहिल्या रविवारी नुसतं ऐका, त्यांची पट्टी कागदावर टिपा.

वणी_नाका:
गिटारचं पटलं नाही. तरुण संघाच्या संध्याकाळच्या सभेला चालते की. उपासनेत नको, एवढं मान्य.

खडू_डस्टर:
व्हीबीएस: दहा दिवसांची आखू नका, पाचच दिवस, सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात ते साडेनऊ. दहा दिवसांची केली की दुसऱ्या आठवड्यात निम्मी मुलं मामाच्या गावाला गेलेली असतात, आणि कुणाच्या तरी मामाच्या गावाला म्हणून इथे आलेली नवी मुलं पहिल्या धड्यापासून सुरू करा म्हणतात. त्यामुळे रोजची गोष्ट त्याच दिवशी पूर्ण होणारी हवी, 'उद्या पुढे पाहू' नको.

चाळीस मुलं धरा. तीन गट: चार ते सात, आठ ते अकरा, बारा ते पंधरा. तिसऱ्या गटातल्या पाच-सहा मुलींना पहिल्या गटाच्या ताया करा, नाहीतर लहान्यांची रडारड एकट्याने आवरत नाही. साहित्य: तेलखडूचे दहा डबे, पंधरा चार्टपेपर, कोरे कागद दोनशे, कात्र्या सहा, दोरा. स्केचपेन नकोत, उन्हाने दोन दिवसांत सुकतात. गोंदाची बाटली उघडी राहिली की संपली, त्यापेक्षा रोज वाटीभर खळ शिजवा. खाऊला मुरमुरे-फुटाणे. क्रीमची बिस्किटं विरघळतात. दोन माठ रात्रीच भरून ठेवा.

पाठांतराची ओवी दहा शब्दांच्या आत. लांब ओवी दिली तर बक्षिसं दरवेळी त्याच दोन मुलांना जातात. शुक्रवारच्या कार्यक्रमाला आईबाप यायला हवे असतील तर तो संध्याकाळी सातला ठेवा. इतर धर्मातली मुलं येतातच. त्यांच्या घरी आधी सांगून परवानगी घ्या, आणि पहिल्याच दिवशी पाळकांसोबत पोलीस पाटलांना भेटून या. सेमिनरीचं (तुमच्या धर्मशास्त्र महाविद्यालयाचं) फोटो आणि शिक्का असलेलं पत्र खिशात ठेवा.

अल्फा_ते_ओमेगा:
ग्रीकपुरतं. पहिलं योहानाचं पत्र घ्या. पाच अध्याय, १०५ ओव्या, रोज दोन म्हणजे ५३ दिवस. तुमच्याकडे ५७ आहेत. शब्दसंपदा अगदी थोडी, तेच तेच शब्द फिरून येतात. पहिल्या अध्यायात सहा ते दहा या पाचही ओव्यांची सुरुवात 'जर'ने होते, तिथेच सब्जंक्टिव्ह (शक्यता दाखवणारं क्रियापदाचं रूप) पक्का होतो. दुसऱ्या अध्यायापासून आर्टिकल आणि पार्टिसिपलची जोडी सारखी भेटते. मराठीतल्या '-णारा'ने ती लगेच सुटते: 'म्हणणारा', 'प्रीती करणारा'. मराठी माध्यमवाल्यांनी इंग्रजीतून ग्रीककडे जाऊच नये. विभक्ती आणि नपुंसकलिंग आपल्याला शाळेपासून माहीत आहे, इंग्रजीवाल्याला ते नव्याने शिकावं लागतं.

नव्या करारात पन्नासपेक्षा जास्त वेळा येणारे शब्द तीनशेच्या थोडे वर आहेत. त्यांची कार्डं करून रबर लावून न्या, रोज वीस. मोबाइल अॅपच्या भरवशावर नको. पहाटे, भेटींना निघण्याआधी. रात्री करेन म्हटलंत तर प्रार्थना सभा संपायलाच साडेनऊ होतात.

सतरंजी_२६:
सगळ्यांचे आभार, सगळं वहीत उतरवलं. एक राहिलं. पाळकसाहेब मेमध्ये आठ दिवस बाहेरगावी आहेत आणि त्यात मंडळीत एक लग्न आहे. 'तुम्हीच लावून द्या' असं एक काका आत्ताच फोनवर म्हणाले.

दिग्रसची_ताई:
नाही म्हणायचं, आणि आजच. लग्न, बाप्तिस्मा, प्रभुभोजन ही अभिषिक्त पाळकाचीच कामं. लग्नाच्या बाबतीत तर कायदा आडवा येतो. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत कैद आहे. वेळही सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी धरलेली आहे, काही चर्चच्या पाळकांनाच त्यात सूट. त्यामुळे वरात उशिरा आली तर काय, हेसुद्धा घरच्यांनी आधीच ठरवावं. पाळकसाहेबांना फोन करून शेजारच्या पाळकक्षेत्रातले पाळक ठरवायला सांगा, चिठ्ठ्या (लग्नाआधी चर्चमध्ये करायच्या जाहीर घोषणा) वेळेत वाचल्या जातील हेही बघायला सांगा. तुम्ही शास्त्रवाचन करा, गाणं म्हणा. रजिस्टरला हात लावू नका.

तोच नियम अर्पणाला. पैसे समितीतल्या दोघांनी मोजायचे, सही त्यांची. 'तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच लिहा' म्हणतील. म्हणोत.

वणी_नाका:
आणि पाळकसाहेबांचा शेरा व मूल्यमापनाचा कागद १ जूनलाच सही करून घ्या. ५ तारखेला ते कुठल्या तरी मीटिंगला नागपूरला गेलेले असतात.